तासिका चालू असताना विद्यार्थी स्वतःच्या कामासाठी इंटरनेट वापरतात. मोबाइल दाराशीच काढून घ्यावेत का?

प्रश्न : खडूफळा

नमस्कार. मी एका तालुक्याच्या गावातील वरिष्ठ महाविद्यालयात गेली सोळा वर्षे अर्थशास्त्र शिकवतो. सकाळी साडेसातला वाणिज्य शाखेच्या द्वितीय वर्षाची तासिका असते आणि तिच्यानंतर कला शाखेची. पुढच्या आठवड्यात आमच्याकडे शिक्षकांची बैठक आहे. प्रत्येक वर्गाच्या दाराशी कापडी खिशांचा एक पडदा टांगावा आणि आत येणाऱ्या विद्यार्थ्यांचे मोबाइल त्यात ठेवून घ्यावेत, असा प्रस्ताव त्या बैठकीत येणार आहे. त्याला पाठिंबा द्यावा की विरोध करावा, हे मला अजून ठरवता आलेले नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

गेल्या महिन्यापर्यंत हा प्रश्न मला एवढा मोठा वाटत नव्हता. फळ्यापाशी उभे राहिले की सत्तर चेहरे दिसतात. त्यांतील काही माना खाली असतात, परंतु वहीत लिहिणाऱ्याचीही मान खालीच असते, त्यामुळे बाकाखाली काय चालले आहे ते समोरून कळत नाही. मग अंतर्गत मूल्यमापनासाठी विद्यार्थ्यांची सादरीकरणे सुरू झाली आणि मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो. एक मुलगी मागणीची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते, हे समजावून सांगत होती. मिठाचा भाव दुप्पट झाला तरी घरातले मीठ निम्म्यावर का येत नाही, हे तिने पाठ केलेल्या भाषेत न सांगता स्वतःच्या शब्दांत चांगले मांडले. माझ्या पुढच्या तीन रांगांतील चौदा विद्यार्थ्यांचे हात मला तेथून स्पष्ट दिसत होते आणि त्यांपैकी नऊ जणांच्या हातातील मोबाइल चालू होता. दोघे आवाज बंद करून रील्स पाहत होते, तिघे व्हॉट्सॲपवर होते, एक जण क्रिकेटचा धावफलक पाहत होता, एक मुलगी कुर्त्यांच्या किमती पाहत होती आणि एक मुलगा कसलासा अर्ज भरता भरता ओटीपीची वाट पाहत होता. नववा विद्यार्थी मात्र मीच आदल्या रात्री गटावर पाठवलेली पीडीएफ उघडून त्या मुलीचे बोलणे तिच्याशी ताडून पाहत होता.

सोळा वर्षे मी वर्ग समोरून पाहिला आहे. मागून तो असा दिसतो, हे मला त्या दिवशी कळले.

माझी अडचण त्या नवव्या विद्यार्थ्यापाशी सुरू होते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलल्यापासून आमच्या विषयाची मराठी पुस्तके सत्र अर्धे होईपर्यंत गावातल्या दुकानात येत नाहीत. त्यामुळे टिपणे मी मोबाइलवरच पाठवतो आणि वर्गात ती उघडायलाही मीच सांगतो. ज्या वस्तूला मी पुस्तकाची जागा दिली आहे, तीच दाराशी ठेवून या असे सांगणे मला विसंगत वाटते. शिवाय हे विद्यार्थी अठरा-एकोणीस वर्षांचे आहेत, मतदान करतात, काही जण काम करून घरात पैसे देतात. त्यांच्या हातातील वस्तू काढून घेणे शाळेत ठीक होते. येथे ते कितपत योग्य आहे?

आणखी एक गोष्ट मला स्वतःशी तपासून पाहायची आहे. ते दृश्य पाहून मला वाईट वाटले ते विद्यार्थ्यांचे नुकसान होते आहे म्हणून, की शिकवणाऱ्याचा मान राहिला नाही म्हणून? नुकसान खरोखर होत असेल, तर ते किती आणि कोणाचे, हे कोणी अभ्यासून पाहिले आहे का? ज्यांनी आपल्या वर्गात यावर काही उपाय करून पाहिला असेल, त्यांनी तो फसला असला तरी सविस्तर लिहावे.

प्रतिसाद : मनोव्यापार

खडूफळा सर, मी मानसशास्त्र शिकवते. नुकसान होते का आणि कोणाचे होते, या प्रश्नावर बरेच काम झाले आहे. ते बहुतेक अमेरिका आणि कॅनडा येथील असून त्यात मोबाइलपेक्षा लॅपटॉपचा विचार अधिक आहे, हे लक्षात ठेवून ते वाचावे लागते.

मिशिगन स्टेट विद्यापीठात मानसशास्त्राच्या पहिल्या अभ्यासक्रमाच्या वर्गावर केलेला एक अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना तुम्ही किती वेळ इंटरनेट वापरता असे नुसते विचारले, तर उत्तर स्मरणावर आणि संकोचावर अवलंबून राहते. म्हणून तेथे विद्यार्थ्यांच्या संमतीने त्यांचा वापर एका सर्व्हरमार्फत जाईल आणि त्याची नोंद होईल, अशी व्यवस्था केली होती. एक तास पन्नास मिनिटांच्या त्या तासिकेत अभ्यासाशी संबंध नसलेला वापर सरासरी सुमारे 37 मिनिटे भरला. ज्यांचा असा वापर अधिक, त्यांचे अंतिम परीक्षेतील गुण कमी होते. आणि प्रवेशाच्या वेळचे गुण, विषयाची आवड व शिकण्याची इच्छा यांतील फरक हिशेबात घेतल्यावरही हा संबंध टिकून राहिला. म्हणजे मुळात कच्चे विद्यार्थीच मोबाइल पाहतात, एवढ्याने त्याचा उलगडा होत नाही. अभ्यासासाठी केलेल्या वापराचा गुणांना फायदा झाल्याचेही त्या नोंदींत दिसले नाही.

तरीही हा नुसता संबंध आहे, त्या वापरामुळेच गुण कमी होतात हे त्यातून सिद्ध होत नाही, असे कोणी म्हणू शकेल. त्यासाठी वेस्ट पॉइंट येथील अमेरिकेच्या लष्करी अकादमीतील प्रयोग पाहावा. तोही 2017 सालीच प्रसिद्ध झाला आणि तो अभ्यासक्रम आपल्याच विषयाचा, म्हणजे अर्थशास्त्राच्या मूलतत्त्वांचा होता. तेथे 726 विद्यार्थ्यांचे वर्ग तीन प्रकारांत विभागले होते. काही वर्गांत लॅपटॉप आणि टॅबलेट यांना पूर्ण मोकळीक होती, काहींत पूर्ण बंदी होती, आणि काहींत टॅबलेट चालत असे, परंतु तो बाकावर आडवा, शिक्षकाला दिसेल असाच ठेवावा लागे. मोकळीक असलेल्या वर्गांचे परीक्षेतील गुण बंदी असलेल्या वर्गांपेक्षा 0.18 प्रमाण विचलनाने कमी आले. साध्या भाषेत सांगायचे तर शंभर जणांच्या क्रमवारीत बरोबर मध्यावर असणारा विद्यार्थी सुमारे सात पायऱ्या खाली उतरेल, एवढा हा फरक आहे. टॅबलेट आडवा ठेवलेल्या वर्गांतही घट जवळपास तेवढीच होती. ज्या संस्थेत शिस्त हाच पाया आहे आणि वर्गही लहान असतात, तेथे असे घडले, म्हणून मला हा प्रयोग महत्त्वाचा वाटतो.

परंतु आपल्या बैठकीत मांडावा असा निष्कर्ष माझ्या मते तिसराच आहे. कॅनडातील संशोधकांनी 2013 साली दोन छोटे प्रयोग प्रसिद्ध केले. हवामानशास्त्रावरचे 45 मिनिटांचे व्याख्यान ऐकताना काही विद्यार्थ्यांना लॅपटॉपवर मधूनमधून दुसरी कामे करायला सांगितली होती, आणि नंतरच्या चाचणीत त्यांचे गुण इतरांपेक्षा सुमारे 11 टक्क्यांनी कमी आले. दुसऱ्या प्रयोगातील विद्यार्थी कागदावर हाताने टिपणे घेत होते, त्यांच्यापुढे लॅपटॉप नव्हताच. फक्त काही जणांना अशा जागी बसवले होते की, पुढच्या माणसाचा चालू पडदा त्यांच्या नजरेत येत राहील. त्यांचे गुण ज्यांना असा पडदा दिसत नव्हता त्यांच्यापेक्षा सुमारे 17 टक्क्यांनी कमी आले. प्रयोग लहान आहेत, म्हणून आकड्यांवर फार भार देऊ नये. पण त्यांची दिशा आपण शेवटच्या बाकावरून जे पाहिले त्याच्याशी जुळते. माणसाची नजर हलत्या, उजळ गोष्टीकडे आपोआप जाते आणि ती परत आणायला प्रत्येक वेळी थोडे श्रम पडतात. लक्ष एकाच वेळी दोन ठिकाणी नसते, ते ये-जा करते, आणि परत येईपर्यंत फळ्यावरची एक पायरी पुढे गेलेली असते. लवचिकतेच्या सूत्रात छेद कशाचा घ्यायचा हे त्या दहा सेकंदांत सांगून झाले असेल, तर पुढची पंधरा मिनिटे तो विद्यार्थी नुसती उतरवून घेतो.

म्हणून हे विद्यार्थी सज्ञान आहेत, स्वतःचे नुकसान करून घ्यायचे की नाही ते त्यांनी ठरवावे, हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. ते नुकसान मोबाइल पाहणाऱ्याच्या मागे बसलेल्यालाही भोगावे लागते आणि त्याने काहीच ठरवलेले नसते. ज्यांना मोबाइलची खरोखर गरज आहे त्यांनी शेवटच्या रांगेत बसावे, म्हणजे त्यांचा पडदा कोणाच्या नजरेत येणार नाही, एवढी व्यवस्था मी माझ्या वर्गात केली आहे.

प्रतिसाद : पहिली_एसटी

सर आणि मॅडम, मी वाणिज्य शाखेच्या तृतीय वर्षात शिकते. विद्यार्थिनी म्हणून येथे लिहिलेले चालेल, असे गृहीत धरते.

माझे गाव महाविद्यालयापासून बावीस किलोमीटरवर आहे आणि सहाची एसटी चुकली तर पहिल्या दोन तासिका बुडतात. आमच्या वाडीत रेंज येत नाही. पाण्याच्या टाकीजवळ उभे राहिले तर फोन लागतो, परंतु नेट चालत नाही. रोजचा दीड जीबी डेटा मध्यरात्री संपतो आणि उरलेला दुसऱ्या दिवशी मिळत नाही. म्हणजे ज्याचे पैसे घरून दिलेले आहेत, तो डेटा वापरायच्या माझ्या जागा दोनच, एसटी स्टँड आणि महाविद्यालय. साडेबाराच्या गाडीने परत निघावे लागते, त्यामुळे व्याख्यानाचे व्हिडिओ उतरवून घेणे, अर्ज भरणे, निकाल पाहणे, नोकरीच्या जाहिराती पाहणे, हे सर्व साडेसात ते साडेबारा याच वेळात येते आणि या वेळात सलग तासिका असतात.

शिष्यवृत्तीच्या अर्जाबद्दल विशेष सांगावेसे वाटते. माझ्या आधारला वडिलांचा नंबर जोडलेला आहे, त्यामुळे ओटीपी त्यांच्या फोनवर येतो आणि तो दहा मिनिटांत भरावा लागतो. वडील शेतात असतात. रेंजमध्ये आले की ते मला फोन करतात, मग मी अर्ज उघडते आणि ते आकडे वाचून सांगतात. हे माझ्या हातात नाही, त्यांच्या पायाखालच्या बांधावर अवलंबून आहे. आपण पाहिलेला तो ओटीपीची वाट पाहणारा मुलगा कदाचित अशाच अडचणीत असेल.

रील्सचे समर्थन मी करणार नाही. माझ्या पुढच्या बाकावरची मैत्रीण तासिकेत मालिकांचे भाग पाहते आणि माझी नजर वारंवार तिकडे जाते. तीन वर्षांत मी हे कोणाला सांगितलेले नाही, कारण मैत्रिणीची तक्रार करणे मला जमत नाही आणि आपलेच मन एकाग्र होत नाही, असे मला वाटत होते. मॅडमचा प्रतिसाद वाचून मला प्रथमच वाटले की, यात माझ्याच स्वभावाचा दोष नसावा.

परंतु मोबाइल कोणत्या तासिकेत बाहेर येतो, हेही शिक्षकांनी पाहावे अशी माझी विनंती आहे. आमचे कॉस्टिंगचे, म्हणजे उत्पादनखर्चाचा हिशेब शिकवणारे सर फळ्यावर उदाहरण अर्धे सोडवतात, थांबतात आणि पुढचा आकडा प्रत्येकाने वहीत लिहायचा असतो. मग ते रांगेतून फिरत चार-पाच वह्या पाहतात आणि त्याच आकड्यावर पुढचे उदाहरण चालते. तो आकडा चुकला तर पुढचे सगळे चुकते, म्हणून त्या तासाला मोबाइल काढायची आठवणही होत नाही. दुसऱ्या एका विषयात स्लाइडवरची वाक्ये तशीच्या तशी वाचली जातात आणि दुपारी त्याच स्लाइड गटावर येतात. त्या तासाला बहुतेकांचे फोन चालू असतात, कारण न ऐकल्याने काही हुकले असे वाटतच नाही. त्या वर्गात विद्यार्थी येतात ते 75 टक्के हजेरीसाठी. हजेरीसाठी बसवलेला माणूस शरीराने वर्गात असतो, एवढेच म्हणता येईल.

कापडी खिशांची मात्र मला भीती वाटते. मागच्या वर्षी एका चाचणीच्या वेळी सगळ्यांचे फोन बाहेरच्या टेबलावर ठेवले होते. एकाच कंपनीचे दोन फोन बदलले गेले आणि खरा धनी कोण हे ठरायला संध्याकाळ झाली. तोवर ती मुलगी गावी परत जाऊ शकली नाही. अनेकांचे फोन हप्त्यांवर घेतलेले आहेत. ते हरवले किंवा काच फुटली तर जबाबदारी कोणाची, हे आधी लिहून द्यावे.

प्रतिसाद : प्रयोगशाळा_तीन

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकाची प्रात्यक्षिके घेतो. आमच्याकडे पूर्वी संस्थेच्या वाय-फायवर करमणुकीची संकेतस्थळे अडवलेली होती आणि त्याचा उपयोगही होत असे. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि त्या अडवणुकीला अर्थ राहिला नाही, कारण प्रत्येकाच्या खिशात स्वतःचे नेट आले. एक जण हॉटस्पॉट चालू करतो आणि संपूर्ण बाक त्यावर चालतो. म्हणून तांत्रिक बंदोबस्ताची सूचना कोणी बैठकीत मांडली, तर त्यावर वेळ घालवू नये.

बंदी घालण्याआधी प्रत्येक महाविद्यालयाने आपणच मोबाइल कशाकशासाठी बाहेर काढायला लावतो, याची नोंद करावी. आमच्याकडे हजेरी क्यूआर कोडने होते, चाचणी ऑनलाइन फॉर्मवर होते, वेळापत्रकातील बदल तासिका चालू असतानाच व्हॉट्सॲपवर येतो आणि शिक्षकांविषयीचा अभिप्रायही मोबाइलवरच भरून घेतला जातो. हजेरीसाठी काढलेला फोन परत खिशात जात नाही, हे मी रोज पाहतो. वहीवर नाव पुकारून हजेरी घेण्यात पाच मिनिटे जातात खरी, परंतु क्यूआर कोडने वाचवलेली ती पाच मिनिटे पुढच्या पंचेचाळीस मिनिटांतून वसूल होतात.

पहिली_एसटी यांचे बरेचसे म्हणणे मला पटते, परंतु शिकवणे चांगले असेल तर मोबाइल आपोआप बाजूला पडतो, हा निष्कर्ष कोणी त्यातून काढू नये. कॉस्टिंगच्या उदाहरणात प्रत्येक पायरीला हाताला काम देता येते. परंतु काही भाग असे असतात की, तेथे वीस मिनिटे शांतपणे ऐकल्याशिवाय विषयाची घडण समजत नाही आणि मधे उत्तर मागण्यासारखे काही नसते. दुसऱ्या बाजूला सूचनेचा तो लाल ठिपका, आपोआप सुरू होणारा पुढचा व्हिडिओ आणि बोट सरकवले की न संपणारी यादी या गोष्टी तुमचे लक्ष परत ओढून घेण्यासाठीच मोठमोठ्या कंपन्यांनी तयार केल्या आहेत. त्यांच्याशी रोज पन्नास मिनिटे स्पर्धा करून जिंकण्याची अपेक्षा एका शिक्षकाकडून ठेवणे अन्यायाचे आहे. चांगल्या शिक्षकाच्याही वर्गाला मोबाइल बाजूला ठेवण्याचा स्पष्ट नियम हवा.

शेवटच्या रांगेच्या उपायाबद्दल माझा अनुभव वेगळा आहे. आमच्याकडे तो एक सत्र चालवला. गरज असलेले पाच जण आणि ऐकायचे नसलेले पंधरा जण, असे सगळेच तेथे जाऊन बसू लागले, आणि पुढे त्या रांगेकडे पाहून शिकवणे आम्ही शिक्षकांनीच सोडून दिले.

प्रतिसाद : सावलीतला_पिंपळ

माझी मुलगी कला शाखेच्या प्रथम वर्षात आहे आणि तिची दृष्टी खूप कमी आहे. पहिल्या बाकावर बसूनही तिला फळा वाचता येत नाही. ती मोबाइलने फळ्याचा फोटो काढते, तो मोठा करून पाहते आणि मग लिहिते. घड्याळ पाहायला, बस कोणती आली ते ओळखायला आणि ग्रंथालयातले पुस्तक वाचायलाही तिला तोच लागतो.

दाराशी खिशांचा पडदा लागला तर तिला अपवाद करतील, हे मला माहीत आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार तशी सोय मागण्याचा हक्कही तिला आहे. परंतु सगळ्यांचे फोन बाहेर आणि एकटीच्या हातात फोन, याचा अर्थ रोज प्रत्येक तासिकेला तिने आपले न दिसणे सत्तर जणांसमोर सांगायचे, असा होतो. सध्या ती इतरांसारखीच मोबाइल घेऊन बसलेली मुलगी असते. नियम करताना हे ध्यानात असावे, एवढेच मला म्हणायचे आहे. फोन दप्तरात ठेवावा आणि ज्याला लागेल त्याने सत्राच्या सुरुवातीला एकदा शिक्षकांना खासगीत सांगून ठेवावे, असा नियम असेल तर तिच्याकडे कोणाचे विशेष लक्ष जाणार नाही.

प्रतिसाद : खडूफळा

सर्वांचे मनापासून आभार. बैठक होऊन आता पाच आठवडे झाले आहेत, म्हणून काय घडले ते लिहितो.

खिशांचा प्रस्ताव फेटाळला गेला नाही, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत पुढे ढकलला गेला. फोन बदलले जाण्याची गोष्ट आणि सावलीतला_पिंपळ यांनी लिहिलेली अडचण मी बैठकीत वाचून दाखवली. जबाबदारी कोण घेणार, या प्रश्नावर कोणाकडेही उत्तर नव्हते. तोवर प्रत्येकाने आपल्या वर्गापुरते करून पाहावे, असे ठरले.

मी पहिल्याच दिवशी वर्गाला मागून काय दिसले ते कोणाचेही नाव न घेता सांगितले आणि कॅनडातील त्या दुसऱ्या प्रयोगाची माहिती दिली. तुमच्या हातातल्या पडद्याचा त्रास मागच्याला होतो, हे ऐकल्यावर वर्गात जी शांतता झाली, तशी मी तुमचे गुण कमी होतील असे सांगितल्यावर कधी झालेली नव्हती. एक मुलगा उभा राहून म्हणाला की, त्याला पुढच्या बाकावरच्या खेळाचा त्रास होतो, पण तो बोलला नव्हता. खेळणारा मुलगा त्याचा मित्रच होता. त्याने मान वळवून मागे पाहिले, काही बोलला नाही आणि फोन दप्तरात ठेवला.

नियम असा केला की, पहिली पस्तीस मिनिटे फोन दप्तरात राहील, शेवटच्या पंधरा मिनिटांत टिपणे उघडता येतील. ज्याचा महत्त्वाचा फोन यायचा आहे, त्याने तासिका सुरू होण्यापूर्वी सांगून दाराजवळ बसावे आणि न विचारता बाहेर जावे. आतापर्यंत अशी वेळ सात जणांवर आली आणि त्यांतील चौघांची ओटीपीचीच अडचण होती. पहिल्या पस्तीस मिनिटांत पीडीएफ लागू नये म्हणून मी एका पानाच्या झेरॉक्स प्रती काढतो. तीत आकृत्यांचे अक्ष असतात, वक्र नसतात. उदाहरणे असतात, उत्तरे नसतात. सत्तर प्रतींना दर आठवड्याला एकशे चाळीस रुपये लागतात, ते सध्या विभागाच्या किरकोळ खर्चातून निघतात.

परवा पुन्हा सादरीकरणे होती आणि मी त्याच शेवटच्या बाकावर बसलो. चौदांपैकी तिघांचे फोन चालू होते. त्यांतील एक रील्स पाहत होता आणि आपल्या मागे शिक्षक बसले आहेत हे माहीत असूनही त्याला तो बंद करता आला नाही. प्रयोगशाळा_तीन यांनी लिहिलेली ओढ काय असते, हे मला त्याच्याकडे पाहून कळले. त्याच्याशी मी नंतर बोललो, वेगळे काही सांगितले नाही, फक्त तो पुढच्या रांगेत बसायला तयार झाला.

एक गोष्ट मात्र बिघडली. तो नववा विद्यार्थी, जो माझी पीडीएफ उघडून बसला होता, मला भेटायला आला. मी टिपणे आधी पाठवणे बंद केल्यामुळे त्याला रात्री वाचून येता येत नव्हते. तो दुपारनंतर एका किराणा दुकानात काम करतो आणि वाचायला त्याला रात्रीच वेळ मिळतो. त्याचे म्हणणे बरोबर होते. आता वाचनाचा भाग मी आदल्या संध्याकाळी पाठवतो आणि सोडवलेली उदाहरणे तासिकेनंतर.

सभागृहातील तासिकेत मात्र मला काहीही साधलेले नाही. तेथे दोन्ही शाखांचे मिळून एकशे दहा विद्यार्थी असतात, मी व्यासपीठावर असतो, माइकची वायर मला खाली उतरू देत नाही आणि चौथ्या रांगेपलीकडचे हात दिसत नाहीत. झेरॉक्स तेथे परवडत नाही. एवढ्या मोठ्या वर्गात कोणी काही करून पाहिले असेल तर कृपया लिहावे.

प्रतिसाद : पहिली_एसटी

सर, आमच्याही सभागृहात एकत्र तासिका होतात. कॉस्टिंगचे सर तेथे दर दोन रांगांनंतर एक रांग मोकळी सोडायला सांगतात. माइक ते टेबलावर ठेवून देतात आणि त्या मोकळ्या रांगांतून फिरत उत्तरे विचारतात. मागच्यांना ऐकू यावे म्हणून प्रत्येक उत्तर ते स्वतः एकदा मोठ्याने उच्चारतात. आम्ही नव्वद जण असतो आणि बाक पुरतात. एकशे दहा जणांसाठी एक रांग मोकळी सोडण्याइतके बाक आपल्या सभागृहात आहेत का, ते मात्र आधी मोजून पाहावे लागेल.